अकरा उंडी

दिवेआगर,
१९ नोव्हेंबर १९३४

गोदू,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहून खोडलं आहे, ते तुला दिसेलच. तीन वर्षांनंतरचं पहिलं पत्र. त्यात आशीर्वाद देण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, कळेना; म्हणून नुसतं नाव.

मी वाडीत आले आहे. तू बडोद्याला गेल्यापासून घराला कुलूपच होतं. महादेवानं अंगण सारवून ठेवलं होतं, त्याच्या सोनूबाईनं चूल पेटवून दिली. दोघं कशी आहेत हे तू तुझ्या पुतण्याला, रावजीला, विचारायला सांगतेस, असं त्याच्या दिवाळीच्या पत्रात होतं. मी कशी आहे हे विचारलं नाहीस, तरी सांगते.

माझा आवाज गेला आहे. ऑगस्टात सातवीच्या वर्गावर शिकवता शिकवता फाटला, आणि दिवाळीपर्यंत पुरता गेला. घशात गाठबीठ काही नाही. डॉक्टर म्हणतात, तीस वर्षं मुलींवर ओरडून घसा दमला आहे. एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. समुद्रकाठी जाऊन राहा, उजेड घ्या, वारा घ्या, वाळूत अनवाणी चाला, बाकी सगळं निसर्ग करील. इतकं सोपं औषध ऐकून मला रडूच आलं. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी आवाज नसेल तर माझ्या खुर्चीवर दुसरी बाई बसेल. चोपन्नाव्या वर्षी मी दुसरं काय करणार? मला दुसरं येतं काय?

(हे वाक्य लिहिलं आणि थांबले. तुलाही आठवलं असेल. त्याबद्दल पुढे कधीतरी.)

तर मी पाटी-पेन्सिल घेऊन हिंडते. गंमत अशी की महादेवाला वाचता येत नाही. मी पाटीवर ‘गरम पाणी’ लिहिते, तो पाटी उलटीसुलटी करून म्हणतो, “बाय, चित्र काडा ना.”

आणि समुद्र! समुद्र कुठे आहे? इतक्या लांबून, आगबोटीत ओकत, बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आले, आणि ओटीवरून नुसती काळीहिरवी झाडांची भिंत दिसते. ऐकू येतो, दिसत नाही. आपल्या लहानपणीही असंच होतं का? मला तर ओटीवरून शिडं मोजल्याचं आठवतं.

कुमुदअक्का

दिवेआगर,
९ डिसेंबर १९३४

गोदू,

उत्तर नाही. नसेना.

आता ओटीवर बसून लिहिते आहे आणि समोर समुद्र आहे. पश्चिमेची थोडी झाडी मोकळी करून घेतली. घरात इतका उजेड आला की कोनाड्यातली जळमटं लाजून गेली. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर सकाळी पहिलं काम करत ते खिडक्या उघडण्याचं. थंडीत कुडकुडलो तरी उघड्याच. म्हणत, देवाचा उजेड आणि देवाचा वारा यांना दार लावणं हा आळस. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. तुला मात्र घर नेहमी अंधारं आवडायचं.

लाकूड करमअली घेऊन गेला. दिघीचा होड्या बांधणारा, नुरुद्दीन मिस्त्रींचा मुलगा. चार बुकं शिकलेला आहे, माझी पाटी वाचतो. फार आदबशीर माणूस. “बाई, माल एक नंबर आहे,” म्हणाला. आणखी काही म्हणाला, पण ते असू दे.

रोज सकाळी वाळूत चालते. घसा अजून तसाच आहे, पण बरं वाटतं आहे असं मी डॉक्टरांना कळवलं.

अक्का

दिवेआगर,
३ फेब्रुवारी १९३५

गोदू,

मी संतापले आहे, आणि संताप ऐकवायला आवाज नाही, म्हणून तुला लिहिते.

अडीच महिने झाले. पहाटे उठते. वाळूत अनवाणी दोन मैल. ओल्या वाळूत, मग कोरड्या वाळूत. समुद्राकडे तोंड करून सात वेळा दीर्घ श्वास. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. सूर्य मावळताना त्याच्याकडे पाहत स्वस्थ बसायचं, मन मोकळं ठेवायचं. ठेवलं मोकळं. काही होत नाही. समुद्र आपला येतो आणि जातो. त्याला माझं काही पडलेलं नाही. काल श्वासानंतर ‘अ’ म्हणून पाहिलं. फुटक्या बाजाच्या पेटीतून निघतो तसा नुसता वारा निघाला. कोळणी बघत होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, “मास्तरीण समिंदराला पाढे शिकवतेय.” हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण हसण्यालाही आवाज लागतो.

महादेव माझ्याशी बोलत नाही. मी मुकी आणि तो अबोल, छान चाललं आहे! विहिरीवरचा रहाट सकाळी कुरकुरतो तेवढंच काय ते बोलणं.

पोफळी थोड्या पिवळ्या दिसतात. एकाच अंगानं. खोडावर, समुद्राकडच्या बाजूला, सोनेरी पट्टा उमटावा तसा. मला वाटलं ऊन पडल्यामुळे रंग खुलला. तुला काही माहीत असेल तर लिही. घाई नाही.

अक्का

दिवेआगर,
१० फेब्रुवारी १९३५

गोदू,

घाई आहे. गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याआधीच्यातही.

‘थोडी झाडी’ नव्हती ती. पश्चिमेच्या बांधावरच्या उंडी होत्या, अकराच्या अकरा. मी तोडवल्या.

कसं झालं ते सांगते. करमअलीला निरोप पाठवून बोलावलं. उंडीचं लाकूड होड्यांना लागतं एवढं मला ठाऊक होतं. मी पाटीवर लिहिलं, ‘ही सगळी तोडून न्या.’ त्यानं वाचलं, झाडांकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं. म्हणाला, “बाई, लाकूड माझ्या कामाचं आहे, म्हणूनच सांगतो. तुमच्या जागी मी असतो तर हात लावला नसता. ही झाडं तुमच्या वाडीची ढाल आहे. खारा वारा अडवतात, दुपारचं ऊन अडवतात. वालिदसाहेब तीस वर्षं मागत होते, गोदूबाईंनी दिली नाहीत.”

तुझं नाव ऐकलं आणि मी पाटीवरचं न पुसता त्याखाली आणखी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘तोडा.’

महादेव तिथेच उभा होता. “बाय, काय लिवलाव?” म्हणून दोनदा विचारलंन. करमअलीनं मान खाली घातली. महादेवाला वाटलं, फांद्या छाटायच्या आहेत. पहिल्या बुंध्यावर कुऱ्हाड पडली तेव्हा तो धावत आला आणि मला म्हणाला, “न्हाय म्हना! हातानं तरी न्हाय म्हना!” मी हात मागे बांधून उभी राहिले, गोदू. वर्गात उभी राहते तशी.

आता पोफळींची खोडं पिवळ्याची तपकिरी झाली आहेत, आणि चिरा पडू लागल्या आहेत. पहिल्या तीन रांगा. महादेवानं काल प्रथमच तोंड उघडलं. खोडाला बोट लावून म्हणाला, “ह्ये जळलंय. पोफळीला सावलीत वाढायची सवय, बाय. तिच्या अंगावर कधी उन्ह न्हाय पडला. आनि ह्ये काहीच न्हाय. जूनमधी खारा वारा सुटल, तवा बघा.”

मी पाटीवर झाड काढलं, त्याच्या खाली माणूस काढला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. कुणी लावली होती, असं विचारायचं होतं. चित्र त्याला बरोबर कळलं.

“गोदूबायनी. पांढऱ्या कपाळानं परत आली ना, त्याच वर्साला. पंधराची व्हती. वटवाघळांनी टाकलेल्या बिया येचून आनल्यान. माजा बापूस म्हनायचा, पोर बोलत न्हाय, जेवत न्हाय, नुसती त्या बियांना पानी घालते.”

मला हे ठाऊक नव्हतं. त्या वर्षी मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात होते आणि फ्रेंच क्रियापदं पाठ करत होते. मे महिन्यात आले तेव्हा तू मला पाटीवर ‘समुद्र’ लिहायला शिकव म्हणालीस, म्हणून मी शिकवलं. तू पश्चिमेच्या बांधावर काय करतेस हे मी विचारलंच नाही. ओटीवरून शिडं मोजल्याचं मला आठवतं ते त्याच मे महिन्यातलं. तेव्हा तुझी झाडं बोटभर असतील.

आता ते वाक्य. आईच्या तेराव्याला, सगळे पानावर बसलेले असताना, वाडी आता कोण बघणार असं कुणीतरी विचारलं, आणि मी म्हणाले, “गोदू आहे की. आयुष्यभर तिनं झाडंच राखली, तिला दुसरं येतं काय?” कौतुकानं म्हणाले असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आले. कौतुक नव्हतं ते. मीच सगळं शिकले, आणि आईनं शेवटच्या दुखण्यात हाक मारली ती तुला. ते मला सोसलं नाही.

तू चौथ्या दिवशी रावजीबरोबर गेलीस. तुझा स्वतःचा मुलगा नाही, नवऱ्याच्या पुतण्याकडे दुसऱ्या मजल्यावर राहतेस. रावजी लिहितो, काकू गच्चीत रॉकेलच्या डब्यांत काहीबाही लावतात. ते वाचून मी तेव्हा हसले होते.

ज्या आवाजानं बोलले तोच गेला, असं सोनूबाई म्हणते. मी ते मानत नाही. देव इतका कोता असेल असं मला कुणी शिकवलेलं नाही. पण वाडी माझ्यामुळे जळते आहे हे मानते. आज बुंध्यांखालच्या बिया वेचल्या. एकेका बुंध्याशेजारी तीन तीन पुरल्या आहेत.

तू ये, असं म्हणण्याचं तोंड मला नाही. काय करू एवढंच सांग.

अक्का

दिवेआगर,
२२ मार्च १९३५

गोदू,

उत्तर दे. शिवी दे. कोरं कार्ड टाक, नुसता माझा पत्ता लिहून. बोर्लीचा टपालवाला मला पाहून आता सायकलवरून उतरतसुद्धा नाही, लांबूनच हात हलवतो.

बिया उगवत नाहीत. सहा आठवडे झाले. रोज पाणी घालते. एकही नाही. मी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे, गोदू! बी, अंकुर, मूळ, फळ्यावर रंगीत खडूनं. मातीला माझ्या खडूचं काही नाही.

पोफळीच्या गळालेल्या झावळीच्या बुडाशी चामड्यासारखा रुंद पदर असतो, त्याला विरी म्हणतात हे मला या वयात कळलं. महादेव त्या विऱ्या भिजवून जळक्या अंगावर बांधतो. दिवसभर तो झाडावर. मग रहाटावर रेडा कोण हाकणार? सोनूबाईच्या गुडघ्यात वात आहे. राहिले मी.

पहिल्या दिवशी रेडा चारच पावलं चालला. हाकणाऱ्याचं ‘हैक हैक’ ऐकू आलं नाही की तो समजतो, काम संपलं. डोळ्यांना झापडं, त्याला दुसरं कळणार कसं? मी टाळ्या वाजवल्या, काठी आपटली. ढिम्म. वाडीला पाणी नाही, वर झाडावरून महादेव ओरडतो आहे, “बाय, पाटात पानी न्हाय!” आणि मी त्या काळ्या धोंड्यापुढे उभी. सबंध शाळेला एका नजरेत गप्प करणारी मी! शेवटी रागानं त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून ढकलला, तर चालू लागला. हात काढला की थांबतो. तेव्हा आता त्याच्या अंगावर हात ठेवून त्याच्याबरोबर गोल गोल फिरते. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन. लोटे भरून वर येतात, पन्हळीत ओततात, पाणी पाटातून आळ्याआळ्यांत जातं. त्याची कातडी आधी गार असते, मग तापते, मग घामेजते. माझीही. समुद्राकडे पाठ, पुन्हा तोंड, पुन्हा पाठ. दीर्घ श्वासांचं पार विसरून गेले आहे.

अन्न जातं आहे आणि पडल्या पडल्या झोप लागते. याचं श्रेय मी निसर्गाला मुळीच देणार नाही. निसर्ग माझ्या तिसऱ्या रांगेतल्या दोन पोफळी काल घेऊन गेला.

शाळेचं पत्र आलं आहे. जूनला रुजू होणार का, असं विचारतात.

अक्का

दिवेआगर,
१४ एप्रिल १९३५

गोदू,

तुझं कार्ड काल आलं. टपालवाला सायकलवरून उतरला, म्हणूनच ओळखलं.

पुन्हा पुन्हा वाचते आहे. खाली उतरून काढते, म्हणजे तुला कळेल की मी एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही:

“अक्का, पत्रं पोचली. सगळी वाचली. उंडीची बी आख्खी पुरलीस तर महिनोन्‌महिने बसून राहते. टरफल फोड. आतल्या गराला लागू देऊ नको. विरी बुंध्यापासून वर बांधत जा, दुपारच्या उन्हाच्या अंगाला. पावसाआधी पश्चिमेला झापांचा कूड घाल, दुहेरी, तुझ्या डोक्यावर हातभर. रेड्याला ओरडावं लागत नाही. आई कधी ओरडली? उगवल्या की झाडावार कळव. विहिरीकडून मोज. गोदू.”

त्या वाक्याबद्दल एक शब्द नाही. तोडलेल्या झाडांबद्दलही नाही. माफ केलंस की नाही हे मी कार्ड उन्हात धरूनसुद्धा वाचून पाहिलं. नाही म्हणायला, ‘कळव’ म्हणाली आहेस. तीन वर्षांत तू माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

आज बिया फोडायला बसले. पहिल्या चार दगडाखाली चिरडल्या. मग महादेवानं दाखवलं, दोन दगडांत धरून शिवणीवर हलकेच टिचकी. “अशी, बाय. पोरीच्या कानाला सुई टोचतात तशी.” आता जमतं. प्रत्येक बुंध्याशी तीन, पुन्हा.

झाप विणायला सोनूबाई शिकवते. नारळाच्या झावळीची पाती एकीखालून एक घ्यायची. मी एक झाप विणेपर्यंत ती तीन विणते आणि माझा उचलून पाहते. “ह्येच्यातून रेडा जाईल, वारा सोडा!” उसवते, पुन्हा विणते. बोटं चिरली आहेत, म्हणून अक्षर असं आलं.

शाळेला ‘नाही’ कळवलं. आवाज नाही हे खरंच कारण आहे, तेच लिहिलं. दुसरं कारण त्यांना कळलं नसतं. रोज हात लावला नाही तर रेडा थांबतो.

अक्का

दिवेआगर,
२६ मे १९३५

गोदू,

कूड उभा राहिला. दुहेरी, माझ्या डोक्यावर हातभर, शब्दाबाहेर नाही. शेवटचा झाप मीच बांधला. बांधण्याआधी त्या फटीतून समुद्राकडे एकदा पाहून घेतलं. एक होडी चालली होती. नव्या लाकडाची, अजून तेलाचा रंग न चढलेली. करमअलीची असेल, नसेलही. मग सुंभाची गाठ मारली. आता ओटीवरून समुद्र दिसत नाही. घर अंधारलं आहे आणि दुपारी गार असतं.

पोफळी एकवीस गेल्या. आणखी जातील, महादेव म्हणतो. तो आता बोलतो माझ्याशी, गरजेपुरतं. कूड झाल्यावर त्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, “टिकल एक पावसाळा.” हे त्याच्या तोंडून खूप झालं.

आवाज नाही. सकाळी रेड्याशी घशातून काहीतरी घरघरतं, त्याला आवाज म्हणता यायचं नाही. रेडा कान हलवतो. महादेव म्हणाला, “त्येला समाजतंय, बस झाला.” डॉक्टरांना मात्र मी काही कळवलेलं नाही.

आता तू मागितलंस ते. विहिरीकडून मोजलं आहे.

पहिली, चार पानं, जोमात. दुसरीच्या आळ्यात दोन कोंब आले, एक खेकड्यानं खाल्ला, दुसऱ्याभोवती काटे लावले आहेत. तिसरी, दोन पानं. चौथी तशीच. पाचवी फार उशिरा आली, परवा, अजून टरफलाचा तुकडा डोक्यावर घेऊनच उभी आहे. सोनूबाई म्हणते काढू नका, तिची ती टाकील. सहावी आणि सातवी बरोबरीनं, चार चार पानं. आठवी वाकडी निघाली, काठी दिली आहे. नववी, दोन पानं, एकावर कीड होती, हातानं काढली. दहावी चांगली आहे, सगळ्यांत उंच, माझ्या करंगळीएवढी.

अकरावी, ओटीसमोरची, जिच्यावर पहिली कुऱ्हाड पडली ती. तिथे अजून काही नाही. उकरून पाहिलेलं नाही. दोन्ही वेळा पाणी घालते.

अक्का